स्वभावात काही फरक?

"ताप कधीपासून आहे?"

"पर्वाच्या शेवटाशेवटाला आला," माझे यजमान भरतेश म्हणाले.

डॉक्टर मुजावरांनी मान वर केली. "पर्व म्हणजे?"

"पर्युषण, मॅडम. आम्ही जैन. भाद्रपदात दहा दिवस असतं. आमची आई दरवर्षी उपास करते. दिवसातनं एकदाच जेवायचं, ते पण दिवस मावळायच्या आत. त्यामुळं अशक्तपणा..."

"अशक्तपणा आहे का ते मी ठरवते. तुम्ही फक्त ताप सांगा."

मिरजेच्या दवाखान्यात आम्ही तिघं उभे होतो. भरतेश, माझी नणंद राजमती आणि मी. पडद्यापलीकडं खाटेवर अक्का, माझ्या सासूबाई. त्यांना सगळं गावच अक्का म्हणायचं, पोटची पोरंसुद्धा. सकाळी घरामागच्या परड्यात त्यांना आकडी आली होती. दातखीळ, तोंडाला फेस. आता आकडी थांबली होती, पण उघड्या डोळ्यांनी त्या कुणाकडंच बघत नव्हत्या.

त्या खोलीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला आम्ही एक उत्तर दिलं. घरात घडलेलं निराळं होतं. दोन्ही सांगते, जमेल तसं.

"डोकं दुखत होतं?"

"उपासाचं पित्त होतं," राजमती म्हणाली.

घरात: अक्का कपाळाला फडकं घट्ट बांधून बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, जायच्या. गावातल्या कोरे डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. अक्कांनी त्या देव्हाऱ्यात ठेवल्या. पर्वात औषध नाही. पण कपाळाला फडकं बांधलेली ही बाई कुणावर खेकसत नव्हती. ते मला पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाणवलं. माझ्या हातून ताकाचं भांडं लवंडलं आणि मी खांदे आवळून उभी राहिले. शिवी येईल म्हणून.

"पुसून घे, त्रिशला," मागून आवाज आला. "तोंड सुकलंय तुझं. जेवलीस का न्हाई?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण अक्कांच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नव्हतं. आमच्याकडं सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारायची रीत. मी 'दानोळीची'. चिडल्या की 'शिकल्याली'. ए शिकल्याली, भाकरी थापायची पदवी कुठं मिळती बघून ये जा.

मी मागं वळून बघितलं, दुसरी कुणी त्रिशला आत आली की काय म्हणून.

"नसलेला वास येतो असं कधी म्हणाल्या का?"

हा प्रश्न आम्हाला चमत्कारिकच वाटला. भरतेश आणि राजमती एकमेकांकडं बघायला लागले. "तसं काही नाही," भरतेश म्हणाले.

घरात: अक्का जेवता जेवता एकदम थांबायच्या. नाकपुड्या फुलायच्या. "हळद करपली गं. काहील कुणी सोडली?"

भाद्रपदात कुठली हळद? आमची हळद शिजते माघ-फाल्गुनात. परड्यात मोठी काहील चढते, गडी-बायका लागतात, आणि एकदा चुलाण पेटलं की ते मधेच विझवता येत नाही. पण अक्कांना वास यायचा. पुन्हा पुन्हा. मग घटकाभर त्या हरवल्यासारख्या बसायच्या आणि माझ्याकडं बघून रडायच्या.

का रडतात हे मला तेव्हा कळत नव्हतं.

इथं मला एक मागचं सांगावं लागेल.

चार वर्षांपूर्वी, अशीच हळद शिजत असताना, माझे वडील गेले. अण्णा. फोन आमच्या पुढच्या सोप्यात असायचा आणि त्याच्याशेजारी अक्का. दुपारी शेवटची काहील उतरली, गड्यांची जेवणं झाली, मी ताटं घासत होते, तेव्हा अक्का आल्या. "दानोळीचा फोन आलता. तुझ्या बाला बरं न्हाई म्हणं. जाऊन ये." मी होते त्या पातळावर निघाले. दानोळीत पोचले तर माणसं नदीवरून परतत होती. आमच्यात दिवस मावळायच्या आत उरकतात. थांबले होते म्हणे माझ्यासाठी बराच वेळ. मग नाही थांबता आलं.

"ताई, सकाळी फोन गेला की तुमच्याकडं," माझा भाऊ म्हणाला. पण फोन त्यानं केला नव्हता. तो अण्णांपाशी होता. बूथवाल्याला सगळ्या पाहुण्यांचे नंबर दिले होते. मी त्या बूथवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "ताई, लाइनच मिळत नव्हती. कुणाला सकाळी लागला, कुणाला दुपारी. तुमचा कधी लागला ते कसं सांगू?"

मी घरी येऊन अक्कांना विचारलं नाही. विचारायची छाती नव्हती. आणि विचारलं नाही म्हणून तो प्रश्न रोज माझ्याबरोबर चुलीपुढं बसायचा.

"बोलताना शब्द चुकायचे?"

"वय झालंय, मॅडम," भरतेश म्हणाले.

"साठीच्या आत आहेत त्या. मी विचारते ते सांगा."

"थोडं. वाटीला चावी म्हणायची. आम्ही हसायचो. ती पण हसायची."

खरंच हसायच्या. अक्कांचं हसणं घरात नवीन होतं. राजमती पर्वासाठी माहेरी आली होती. तिनं आईला मांडीवर नातवंड घेऊन हसताना बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. "या वर्षी व्रत लागलं बघ अक्काला. सगळा ताव उतरला." बस्तीतले पंडितजी तर सगळ्यांसमोर म्हणाले, "उपास पुष्कळ जण करतात. कषाय गळून पडतात ते एखाद्याचेच." कषाय म्हणजे मनातला राग, गर्व, लोभ. दहा दिवस आम्ही तेच ऐकतो, ते गळून पडावेत म्हणून. आणि अक्कांचे गळून पडले होते. बायका त्यांच्या पाया पडायला येऊ लागल्या. हाताला त्यांचं अंग कढत लागायचं तर म्हणायच्या, तपाचं तेज आहे.

इतक्या जणांना जे दिसत होतं ते ताप असेल असं एकाच्याही मनात आलं नाही. आमच्या घरात माणूस चांगलं वागायला लागलं की डॉक्टर बोलवत नाहीत. तुमच्यात बोलवतात का?

त्यांनी मला अंगणात पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावलं. "केस किती गं लांब तुझे," म्हणाल्या. मी ताठ बसून राहिले. मनात एकच: हिला आता माझ्याकडून काय पाहिजे? पाटल्या? की राजमतीच्या पोरीच्या लग्नाला माझ्या माहेरचं काही? मान सैल सोडून त्यांच्या गुडघ्यांना टेकायला काय झालं होतं मला! त्या हाताखाली मी नुसती हिशेब करत बसले.

"उपास सुटल्यावर बरं वाटलं?"

राजमती बोलायला गेली आणि अडखळली.

"पारणं झालं ना? जेवल्या ना?" डॉक्टर म्हणाल्या. "मग तुम्ही अजून उपास कशाला धरून बसलाय?"

पारणं झालं. आणि पर्व संपल्यावर आमच्यात क्षमावाणी असते. सगळ्यांनी सगळ्यांकडं जायचं, हात जोडायचे, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची क्षमा मागायची. समोरच्यानंही मागायची. 'उत्तम क्षमा' म्हणायचं, पुढच्या घरी जायचं. भांडणं काही मिटत नाहीत त्यानं, पण दिवस गोड जातो. अक्का दरवर्षी जावांकडं, शेजारणींकडं जायच्या. सुनांकडं नाही. सुनांनी त्यांच्याकडं यायचं.

त्या दिवशी मी पुऱ्या तळत होते. अक्का आत आल्या, दार लोटलं, आणि चुलीपुढं माझ्यासमोर खाली बसल्या.

"फोन सकाळी आलता," त्या म्हणाल्या.

मी झारा खाली ठेवला.

"काहील पेटली होती. म्हटलं, ही गेली तर माणसांच्या जेवणाचं कोण बघणार? म्हटलं, म्हातारं काय लगेच जात न्हाई. दुपारी सांगू. मी सोप्यात बसून होते, त्रिशला. सगळी सकाळ. फोनकडं बघत."

आणि त्या वाकल्या. सासू सुनेच्या पायाशी. त्यांचं कपाळ माझ्या पावलाला लागलं आणि चटका बसावा तसं मी पाऊल मागं घेतलं. खरंच चटका होता तो. इतकं तापलेलं कपाळ. पण मला त्या वेळी तो कपाळाचा वाटलाच नाही.

"उत्तम क्षमा," मी म्हणाले. परक्या बाईला दारात म्हणावं तसं. आणि कढई उतरवून माझ्या खोलीत जाऊन कडी लावली.

बाहेरून त्या किती तरी वेळ हाक मारत होत्या. नावानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना परड्यात आकडी आली.

"स्वभावात काही फरक?"

हा शेवटचा प्रश्न. डॉक्टरांनी तो सहज विचारल्यासारखा विचारला, पण विचारताना पेन बाजूला ठेवलं.

"काही नाही," भरतेश म्हणाले.

"उलट फार गोड वागत होती," राजमती म्हणाली. "पर्वाचा परिणाम. आमची अक्का मुळातच मायाळू. नाही का गं वैनी?"

डॉक्टर माझ्याकडं वळल्या. "तुम्ही सूनबाई ना? दिवसभर यांच्याजवळ तुम्ही असता. तुम्हाला काय वाटतं?"

माझ्या डोक्यात एकदम दोन गोष्टी आल्या. एक, की या बाईला नेमकं काय विचारायचंय ते मला कळलंय. आणि दुसरी, की मी उत्तर दिलं तर काल चुलीपुढं मला जे मिळालं ते आजाराचं ठरवून माझ्याच तोंडानं मी परत करणार आहे.

"या त्या नाहीत," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"या माझ्याशी चांगलं वागतायत. त्या कधीच वागल्या नाहीत."

"वैनी!" राजमती ओरडली.

"थांबा हो तुम्ही. बोला. आधी कशा होत्या?"

मी सांगितलं. तेल, नाव, शिव्या, माझ्या आजारपणात शेजारून मागून आणलेलं पाणी, दारात उभं करून ठेवलेलं माझं माहेर. परक्या खोलीत, परक्या बाईपुढं, एका श्वासात. फोनचं तेवढं सांगितलं नाही. हळदीच्या वासाचं सांगितलं.

भरतेशांचा चेहरा लालबुंद झाला होता. "आई मरायला टेकलीय आणि तुला उणीदुणी काढायला हीच जागा सापडली?"

"साहेब," डॉक्टर उठल्या, "इतक्या वेळात तुमच्या घरातल्या एकाच माणसानं मला आजार सांगितलाय."

बाहेर जाऊन त्यांनी सिस्टरना इंजेक्शनचं नाव सांगितलं, परत आल्या आणि उभ्या उभ्याच बोलल्या.

"मेंदूला सूज आहे असा माझा संशय आहे. अंगात ताप चढला की माणूस बरळतं, पण ताप उतरला की ते थांबतं. यांचा ताप मधेमधे उतरत होता, तरी शब्द चुकतच होते. म्हणजे मेंदू नुसता तापानं गोंधळलेला नाही, तोच आजारी आहे. अर्धांगाचा झटका एका क्षणात येतो, असा दिवसादिवसानं चढत नाही. उपासानं रक्तातलं मीठ घटलं असेल असं मलाही वाटलं होतं, आत्ताच रिपोर्ट आला, मीठ ठीक आहे. साखर ठीक आहे. मलेरिया नाही. क्षयाचा मेंदूज्वर असतो, तो सहसा आठवड्यांनी मुरत येतो, तरी तोही बघू. वेड म्हणावं तर वेडानं ताप येत नाही."

"मग कशानं आला?" भरतेशांनी विचारलं.

"ओठावर बारीक फोड येतात ना ताप आल्यावर? तोच विषाणू. बहुतेकांना फोडापलीकडं काही करत नाही. क्वचित कुणाच्या मेंदूत शिरतो, आणि तो कानशिलामागचा भाग धरतो. वास, शब्द, आठवण, राग, भीती, सगळं तिथलं. तो भाग सुजला की कुणी चवताळतं आणि कुणी," त्यांनी माझ्याकडं बघितलं, "कुणी फार मऊ होतं. पाठीतून पाणी काढायचंय, फोटो काढायचाय. पण त्यांच्यासाठी थांबणार नाही. औषध आत्ता सुरू करते. यात उशीर झाला तर माणूस राहत नाही."

फोटोत दोन्ही कानशिलांमागं पांढरं दिसलं. पाण्याचा रिपोर्ट पुण्याहून यायला वेळ लागला. आला तो त्यांच्या म्हणण्यासारखाच. तोवर अक्का शुद्धीवर आल्या होत्या.

कसं कळलं सांगू? मी त्यांना चमच्यानं पेज भरवत होते. त्यांनी माझा हात ढकलला. "गरम हाय गं! जीब भाजायची हाय व्हय माझी, दानोळीचे?"

राजमतीनं आनंदानं रडत देवाला हात जोडले. डॉक्टर दारातच होत्या. त्या हसल्या. मीही हसले असेन.

त्याच दिवशी मी डॉक्टरांना बाहेरच्या बाकड्याशी एकटं गाठलं आणि फोनचं सांगितलं.

"ते खरं असेल का हो?"

त्या बाकड्यावर बसल्या. "या आजारात माणूस घडलेलं सांगतं आणि न घडलेलंही सांगतं. दोन्ही तितक्याच खरेपणानं. खोटं बोलत नसतं ते. मेंदूत जिथं भोक पडतं तिथं तो काही तरी भरतो."

"मग मी काय धरून चालू?"

"ते पाण्याच्या रिपोर्टात येत नाही, ताई."

अक्का घरी आल्या. चालत होत्या, बोलत होत्या, रागावत होत्या. पण मधली काही वर्षं त्यांच्यातून गेली होती. एखादं गाठोडं बैलगाडीतून सांडावं तशी. धाकट्या नातवाला बघून विचारायच्या, हे कुणाचं? गॅस पेटवून विसरायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, शेगडीजवळ एकटं सोडू नका. राजमती माझ्याशी बोलायची बंद झाली. भरतेश बोलायचे, पण दवाखान्याच्या त्या खोलीबद्दल कधीच नाही. आणि मी रोज ठरवायची, आज विचारीन. बरी झालेली अक्का तरी खरं सांगेल. मग वाटायचं, थोडी आणखी बरी होऊ दे.

एका दुपारी त्या सोप्यात वाती वळत बसल्या होत्या. मी समोर बसले. विचारणारच होते.

त्याच आधी बोलल्या.

"एवढी मरता मरता वाचले. सगळी पाहुणी बघून गेली. तुझा बा तेवढा न्हाई आला. दानोळी काय काशीला हाय?"

मी पुढं सरकले.

"अण्णा गेले, अक्का."

"कुठं गेले?"

"वारले. चार वर्षं होऊन गेली. हळदीच्या दिवसांत."

त्यांची बोटं कापसात थांबली. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. तोंडावर काही लपवल्याची रेघ नव्हती. मी शोधली. फार शोधली. ती सकाळ, तो फोन, काहील, काहीच नव्हतं तिथं. जगात एका माणसाला ते ठाऊक होतं, आणि त्या माणसाला औषध देऊन वाचवायला मीच सांगितलं होतं.

"आणि हे मला आत्ता सांगतीस?" अक्का म्हणाल्या. आवाज चढला. "एवढी मोठी गोष्ट! वेळेवर सांगायची न्हाई व्हय? शेवटचं तोंड बघायला गेले असते की मी. कसली माणसं गं तुम्ही!"

"चुकलं माझं, अक्का."

त्या उत्तर न देता उठल्या. भिंत धरत न्हाणीत गेल्या आणि डोक्यावरून पाणी घेतलं. मेल्या माणसाची खबर उशिरा कळली की घेतात तसं. ओल्या केसांनी बाहेर आल्या.

"जा. पिशवी भर. भाऊ एकटा असंल तुझा. माणसांच्या जेवणाचं मी बघते."

"अक्का, आता काय..."

"जा म्हणते न्हवं!"

मी पिशवी भरली. त्यांच्यासमोरून अंगण ओलांडून रस्त्याला लागले. वळणापर्यंत त्या दारात उभ्या होत्या. तिथून मी बोळातून फिरून परड्याच्या दारानं परत आत आले. त्यांना शेगडीजवळ एकटं ठेवायचं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराआड, पिशवी छातीशी धरून, आवाज न करता उभी राहिले.

अक्का पीठ मळत होत्या. मधेच थांबायच्या, ओल्या केसांचं पाणी गालावरून पुसायच्या आणि पुन्हा मळायला लागायच्या. मी जेवणं होईपर्यंत तिथंच उभी होते, दानोळीला गेल्यासारखी.